रखमाजीचे गुडघे आणि पांढरी पूड

एका जंगलात, बाळांनो, अस्वलाच्या एका पिलाने एकदा एक आवाज ऐकला. कट्ट.

सुकी काटकी मोडावी तसा. पिलू दचकलं. मागे वळून बघतं तर आजोबा बसल्या जागेवरून उठत होते. आवाज त्यांच्या गुडघ्यातून आला होता. पिलाला इतकं हसू आलं, की ते गवतात लोळायला लागलं.

आजोबा रागावले नाहीत. म्हणाले, "हस बाबा. तुझा माझ्याहून मोठा वाजेल."

थोरांचे आशीर्वाद फुकट जात नाहीत. त्या पिलाचं नाव रखमाजी. तो म्हातारा झाला, आणि त्याचे गुडघे असे वाजायला लागले की शेजारच्या बिळातली साळू साळिंदर आतूनच विचारायची, "उठलात का हो भाऊ?"

दुखण्याचं रखमाजीला एवढं वाटत नव्हतं. म्हातारपण म्हटलं की ते आलंच. पण त्याला एक काळजी होती.

दोन टेकड्यांपलीकडे त्याची थोरली बहीण राहायची, चंद्राआक्का. तिला आता डोळ्यांनी दिसत नव्हतं. लहानपणी आईने दोघांना एक वळण लावलं होतं. मोहाची फुलं पडायला लागली, की पहिलं फूल एकट्याने खायचं नाही. बहिणीने भावापुढे सारायचं, भावाने बहिणीपुढे. मग खायचं. दर वर्षी रखमाजी त्यासाठी आक्काकडे जायचा. तो पोचेपर्यंत आक्का झाडाखाली बसून राहायची. समोर फुलांचा सडा पडलेला असायचा, पण ती एक फूल तोंडात घालायची नाही.

मोह पडायला महिना उरला होता. आणि रखमाजीला ओढ्यापर्यंतसुद्धा जाववत नव्हतं.

"वैद्यबुवांना दाखवा की," साळू म्हणाली.

वैद्यबुवा म्हणजे तरस. तो टेकडीच्या माथ्यावर कपारीत राहायचा. रखमाजी कण्हत कुथत तिथे पोचला.

"तुम्हाला सांध्यांतलं कळतं का?" त्याने विचारलं.

"मला?" तरस म्हणाला. "अहो, जन्मभर सांधेच खातोय. कुठलं हाड कुठे बसतं, कसं निखळतं, आतला गर कसा लागतो, काहीही विचारा."

रखमाजीला धीर आला. इतका अनुभवी वैद्य त्याने पाहिला नव्हता.

तरसाने सागाच्या पानाची पुडी पुढे केली. आत पांढरी शुभ्र पूड होती.

"हाडांचं सगळं सत्त्व यात उतरलंय. एकदम नैसर्गिक. बाहेरचं काही घालत नाही. मी स्वतः तयार करतो. रोज पहाटे, त्या करवंदीच्या जाळीमागे, एकट्याने."

"कशी करता?"

"ते घराण्याचं गुपित आहे. आमचे वडीलही तिथेच बसायचे."

रखमाजीने हात जोडले.

"मात्र ताजीच घ्यायची," तरस म्हणाला. "रोज सकाळी अनशा पोटी इथवर यायचं. आणि घेताना नाक घट्ट दाबायचं."

नाक दाबलं की तोंड उघडतं. जंगलातही तसंच असतं.

पहिल्या दिवशी रखमाजी घरी परतला तेव्हा सूर्य बुडत होता. दुसऱ्या दिवशी वाटेत अकरा वेळा बसला. आठव्या दिवशी चार वेळा. पुढे पुढे तो दुपारच्या आत परतायला लागला. वाटेत एखादं वारूळही उकरायचा.

विसाव्या दिवशी तो झोपेतून उठला आणि आवाज आलाच नाही. साळू घाबरून बिळाबाहेर आली.

"भाऊ, आहात ना?"

"आहे! काय गुणाची पूड आहे, साळू!"

"भाऊ, तुम्ही रोज टेकडी चढता, उतरता. त्यानंही थोडं..."

"पूड घेतो म्हणून चढतो," रखमाजी म्हणाला. "नाहीतर उगाच टेकडी कोण चढतं?"

साळू बिळात परत गेली.

तरसाने मग सगळ्या जंगलाला बोलावलं. रखमाजीला एका खडकावर उभं केलं. "बसा," म्हणाला. रखमाजी बसला. "उठा." रखमाजी उठला. सगळ्यांनी कान टवकारले होते. कुठे काही वाजलं नाही. म्हाताऱ्या गव्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सांबरं, रानडुकरं, एक लंगडा कोल्हा, सगळे रांगेत उभे राहिले. मागणी इतकी वाढली, की तरसाचं पहाटे एकदा बसून भागेना. बिचारा दिवसभर खाऊ लागला.

पण तो उपकार विसरणारा नव्हता. रखमाजीला बाजूला घेऊन म्हणाला, "अप्पा, तुमच्यामुळे हे दिवस आले. आता या वयात तुम्ही कशाला पाय तोडत यायचं? उद्यापासून तुमची पुडी घरपोच."

रखमाजीला भरून आलं. त्याच्यासाठी आजवर कुणी एवढं केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून एक माकड पुडी घेऊन यायचं आणि वरच्या फांदीवरून खाली टाकायचं. रखमाजी पडल्या पडल्या नाक दाबायचा आणि आ करायचा. फार सुखाचे दिवस होते ते.

आठवड्याने गुडघे आखडले. आणखी चार दिवसांनी कट्ट.

"उठलात का हो भाऊ?" बिळातून आवाज आला.

रखमाजीने माकडाकरवी निरोप धाडला. तरसाचं उत्तर आलं, "मात्रा कमी पडतेय. दोन घ्या." मग तीन झाल्या.

आणि मोह पडायला लागला. पहाटेच्या वाऱ्यावर तो गोड, जड वास दोन टेकड्या ओलांडून आला. रखमाजीने डोळे मिटले.

साळू म्हणाली, "भाऊ, आक्का उपाशी बसल्या असतील हो. हळूहळू निघू या. मी येते सोबतीला."

"असल्या गुडघ्यांनी? चालून चालून आणखी झिजवू का? चार दिवस थांब. पूड लागू पडली की निघतोच."

चार दिवस गेले. मग आणखी चार गेले.

नवव्या दिवशी सकाळी आवाज आला. कट्ट. जरा वेळाने पुन्हा. कट्ट.

"उठलात का हो भाऊ?"

"मी नाही गं," रखमाजी म्हणाला.

बांबूच्या बेटातून एक काळं नाक बाहेर आलं. पाठोपाठ आक्का आली. फासळ्या मोजता याव्यात इतकी वाळली होती. वास काढत काढत ती दोन टेकड्या चालून आली होती. तोंडात पळसाचं पान दुमडून धरलं होतं. ते तिने हळूच खाली ठेवलं. आत मोहाची फुलं होती.

"रखम्या," ती म्हणाली. "आहेस ना रे? मला वाटलं..."



"आक्के, तू चालत आलीस? एवढ्या लांब? या गुडघ्यांनी?"

"मग गुडघे घरी ठेवून येऊ?"

साळू बिळात खुदकन हसली. आक्का भावाशेजारी टेकली. पंज्याने चाचपून तिने एक फूल निवडलं आणि त्याच्यापुढे सारलं.

"खा. नऊ दिवस झाले."

"थांब, आक्के. पूड अनशा पोटी घ्यायची असते."

रखमाजीने नाक दाबलं आणि एक पुडी तोंडात टाकली. मग फार मायेने दुसरी पुडी उघडली. बहिणीपुढे फूल सारायचं तिथे त्याने ती सारली.

"ही तू घे. माझ्यातली देतोय. तुझे पण गुडघे बरे होतील बघ."

आक्काने मान खाली केली. एकदा हुंगलं. पुन्हा हुंगायची तिला गरज पडली नाही. तिने तोंड वर करून, दिसत असल्यासारखं, भावाकडे वळवलं.

मग ती उठली. कट्ट.

"अगं, नाक दाबून घ्यायची असते, आक्के!" रखमाजी म्हणाला.

ती आल्या वाटेने बांबूत शिरली. कट्ट, कट्ट असा आवाज टेकडीकडे जात राहिला. पहिलं फूल पुडीशेजारी तसंच पडून होतं.

तात्पर्य : औषध नेहमी नाक दाबून घ्यावे. गुण आला नाही, तर नाक आणखी जोरात दाबावे. आणि चालत भेटायला येणाऱ्या नातेवाइकांपासून जपून राहावे, कारण त्यांचे नाक उघडे असते.