बदलीच्या खर्चाची यादी

आमच्या ऑफिसातल्या कॅशियरला फुकट सल्ला देण्याची खोड आहे आणि मला तो घेण्याची. "बदलीसाठी घर हलवलंत ना? मग तो खर्च करातून वजा होतो. नोकरीपायी झालेलं नुकसानसुद्धा," असं त्याने जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. संध्याकाळी घरी जाऊन मी ते बायकोला स्वतःच शोधून काढल्याच्या थाटात ऐकवलं.

"या बदलीपायी आपलं जे जे गेलं ते लिहून काढ. एकूण एक."

"सगळं?" तिने विचारलं.

"हातचं राखू नकोस."

(इथे एक गोष्ट सांगून टाकतो, कारण घरात ती सांगायची माझी छाती झालेली नाही. माझी बदली झाली नव्हती, मी ती मागून घेतली होती. नव्या शाखेत मला दार असलेली स्वतंत्र खोली मिळणार होती. वीस वर्षं जिन्याखाली बसलेल्या माणसाला दाराचा मोह होतो. बायकोला मात्र मी "वरून हुकूम आलाय" असं सांगितलं. ती शिवणक्लास चालवायची. हुकूम म्हटल्यावर बिचारीने चकार शब्द न काढता तो बंद केला.)

दोन दिवस तिची यादी चालली होती. ट्रकचं भाडं, हमाल, तडा गेलेला आरसा, पाय मोडलेलं कपाट. इथवर ठीक होतं. पुढे लिहिलं होतं, 'चौदा वर्षांचा क्लास. बावीस मुली. त्यातल्या धाकटीच्या फ्रॉकची एक बाही लावून झाली होती, दुसरी राहिली.'

"अगं, हे वजावटीत बसत नाही," मी म्हणालो.

"माहीत आहे. पण कुठेतरी लिहिलेलं असू दे."

मला लाज वाटली, अगदी खरी. त्याच क्षणी सगळं सांगून मोकळं व्हायला हवं होतं. मी चहा मागितला.

करसल्लागार पिकल्या केसांचे, कमी बोलणारे गृहस्थ होते. "बदलीचा आदेश आणलात?" त्यांनी विचारलं.

"विसरलो," मी तत्परतेने म्हणालो.

"मी आणलाय," बायको म्हणाली आणि तिने पिशवीतून पाकीट काढलं. ते तिने उघडूनही पाहिलेलं नव्हतं. माझे कागद ती वाचत नाही, विश्वास ठेवते. (त्या दिवशी तो विश्वास मला फार जड गेला.)

सल्लागारांनी मोठ्याने वाचलं, "'कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या विनंतीवरून...' अहो, मग यातलं काहीच वजा होणार नाही. स्वतः मागितलेल्या बदलीचा खर्च आपला आपण सोसायचा."

बायकोने हात पुढे करून कागद घेतला. दोनदा वाचला. घडीवर घडी घालून पुन्हा पाकिटात ठेवला.

"का?" तिने विचारलं.

"खोली मिळणार होती. दार असलेली."

"मला खरं सांगितलं असतंत, तर मी आले नसते का?"

ती आलीच असती, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. "चुकलो," मी म्हणालो. वीस वर्षांच्या संसारात हा शब्द मी पहिल्यांदाच वापरला असावा, कारण तो तोंडातून नीट बाहेर पडेना.

सल्लागारांनी यादीतल्या क्लासच्या ओळीवर बोट ठेवलं. "बाई, तुम्ही इथे क्लास सुरू केलाय का?"

"गेल्या सोमवारपासून. सहा मुली येतात."

मला याचा पत्ताच नव्हता! (मी दार लावून बसलो होतो ना.)

"मग यांचं राहू दे. तुमचा व्यवसाय हलला असं धरू," सल्लागार म्हणाले आणि त्यांनी तिच्या नावाने नवा फॉर्म घेतला. "शिलाई मशीन आणल्याचं ट्रकभाडं, मान्य. आरसा?"

"मापं घेताना मुलींना लागतो."

"मान्य. कपाट?"

"कापडं ठेवायला."

"मान्य. प्रवासाची तिकिटं दोन दिसतात."

"एक माझं. एक यांचं."

"यांचा तुमच्या व्यवसायात काही उपयोग?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, अगदी न्यायाने, घाई न करता पाहिलं.

"नाही," ती म्हणाली.

सल्लागारांनी माझ्या तिकिटावर आडवी रेघ मारली आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलं, 'घरगुती सामान.'