बाराला या

रविवारी साडेपाचला दत्तात्रेय उठला. नळाला पाणी होतं तोवर त्याने दोन बादल्या भरल्या, गॅसवर चहाचं आधण चढवलं आणि क्लॅरिनेटची पत्ती वाटीभर कोमट पाण्यात भिजत घातली. सुरभी तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. गडबच्या त्या दोन खोल्यांत हमरस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज सकाळी सहापासून असा भरून राही की नवराबायको एकमेकांशी बोलताना आपसूक ओरडत, आणि पाहुण्यांना ते भांडताहेत असं वाटे.

घड्याळाखालच्या फळीवर, वाऱ्याने उडू नये म्हणून मिठाच्या बरणीखाली, एक फॉर्म ठेवलेला होता. धाटावच्या ज्या कंपनीत दत्तात्रेय आठ वर्षं ठेक्यावर राबत होता, ती आता त्याला कायम करणार होती. फॉर्म सोमवारी सकाळी दहाच्या आत द्यायचा होता. सगळे रकाने भरून झाले होते. चौदावा तेवढा कोरा होता. 'अन्य व्यवसाय' असं त्यापुढे छापलेलं होतं आणि तिथे 'नाही' लिहिलं म्हणजे लगीनसराईतले रविवार कंपनीचे झाले.

"आजचं रोह्याचं कार्य एकदा गाजू दे," तो लाल कोटाची सोनेरी बटणं घासत म्हणाला, "मग तो फॉर्म रद्दीत घाल."

सुरभीने तव्यावरची भाकरी उलटली. गेल्या हंगामाच्या सुरुवातीलाही तो हेच म्हणाला होता, पण तिने त्याची आठवण करून दिली नाही.

दत्तात्रेयाच्या आत्मविश्वासाला आधार होता. पेणला एका सभागृहात 'यशस्वी व्यावसायिक वादक' घडवणारं एक दिवसाचं शिबिर झालं होतं आणि तिथून त्याने वहीभर नियम लिहून आणले होते. वादकाने अर्धा तास आधी पोचावं. गिऱ्हाइकाला प्रश्न विचारून आपलं अज्ञान दाखवू नये. पहिला सूर दारातच असा लावावा की चौथ्या घरातला माणूस बाहेर यावा. प्रत्येक हातात आपलं कार्ड गेलं पाहिजे. हे नियम त्याने देवाच्या तसबिरीशेजारी चिकटवले होते आणि सुरभी उदबत्ती ओवाळताना दोन्हींना ओवाळी.

रोह्याची सुपारी गुरुवारी फोनवर आली होती. रोह्याजवळच्या एका गावातून बायजाबाई नावाची कोणी बाई बोलत होती. आमच्याकडे रविवारी कार्य हाय, तुमीच वाजवायला पायजे, ह्यांची फार इच्छा व्हती, असं ती म्हणाली. पुढचं वाक्य एका टँकरने अर्धं खाल्लं. दत्तात्रेयाला 'बाराला या' एवढं ऐकू आलं. कसलं कार्य, नवरा मुलगा कोण, हे विचारायचं त्याच्या ओठांवर आलंही होतं. पण दुसरा नियम आठवून त्याने नुसतं "येतो" म्हटलं.

तमीमच्या टेम्पोतून तिघे निघाले. मिथुन पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करी आणि उरलेल्या वेळी कीबोर्ड वाजवी. सखाकडे ढोल होता. ढोलाइतका आवाज सखाचा स्वतःचाही होता. बरोबर साडेअकराला टेम्पो गावाच्या तोंडाशी थांबला. गल्लीच्या टोकाला पांढऱ्या कापडाचा मांडव दिसत होता आणि वड्यांचा वास येत होता. मांडवाच्या दारात तिघे पुरुष उभे होते. तिघांच्या डोक्यांचे गोटे उन्हात चमकत होते.

"तिरुपतीला जाऊन आलेले दिसतात," मिथुन म्हणाला.

"मोठं घराणं हाय," सखाने दुजोरा दिला.

दत्तात्रेयाने कोटाची बटणं लावली, श्वास भरून घेतला आणि वरातीची सगळ्यांत उडती चाल सुरू केली. चौथ्या घरातलाच काय, चौदाव्या घरातला माणूसही बाहेर आला. टक्कल केलेल्यांपैकी एकजण दोन्ही हात वर करून हलवत त्यांच्याकडे धावू लागला. सखाला वाटलं, पाहुणा नाचायला आला; त्याने लय दुप्पट केली. मागून आणखी दोघे तसेच हात हलवत आले, तशी ती तिप्पट झाली. मिथुनने तर आनंदाने डोळेच मिटून घेतले. या सगळ्या गोंधळात स्टिअरिंगमागे बसलेल्या तमीमला तेवढं खरं काय ते दिसलं आणि त्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. सखाने हॉर्नचीही लय पकडली.

अखेर धावत आलेल्या माणसाने ढोलावर आडवा हात टाकला.

"अरे बाबानू, बारावा हाय आमच्या बापाचा."

बारावा. बाराला नव्हे, बाराव्याला. टँकरने नेमकं तेवढंच खाल्लं होतं.

दत्तात्रेयाच्या अंगातला लाल कोट त्या क्षणी एवढा लाल झाला की तो सगळ्या गावाला पुरला असता. मागे कोणीतरी हळहळलं. दिवंगताच्या नावाचं पान कौलांवर ठेवून मंडळी तासभर वाट पाहत होती. कावळा नुकता पन्हाळीवर येऊन बसला होता. ढोलाच्या पहिल्याच ठोक्याला तो नदीपलीकडे गेला.

आता जेवणं खोळंबली. गेलेल्याची इच्छा राहिली असणार, म्हणून भाऊबंद एकेक करून कौलांकडे बघत शब्द देऊ लागले. धाकट्याचं लग्न करू. पडवी बांधू. एकाने तर बांधाचं जुनं भांडण मिटवायचं चारचौघांत कबूल केलं आणि लगेच त्याला पस्तावा झाल्यासारखा दिसला. कावळा काही आला नाही.

मागच्या मागे निसटावं म्हणून दत्तात्रेय वळला, तेवढ्यात त्याची नजर ओटीवरच्या हार घातलेल्या फोटोवर गेली आणि त्याचे पाय थबकले.

तो माणूस त्याच्या ओळखीचा होता, फक्त फोटोखालचं गोविंदा हे नाव नवीन होतं. तीन-चार वर्षं, पेण ते रोहा कुठल्याही लग्नात ते वाजवत असोत, हा म्हातारा कंपनीचं पिवळं हेल्मेट मांडीवर घेऊन बाजाच्या शेजारी खुर्ची ओढून बसे. प्रत्येक वेळी तो एकच सांगे, पत्ती लावताना एक ओळ धरतोस ना, ती संथवाली चाल पुरी वाजव. दत्तात्रेय हसून नाही म्हणे. संथ चालीवर कोण नाचणार? ते तिघे त्याला आपसात 'जेवणवाला' म्हणत. बिनबोलावता येतो, पंगतीला बसतो, दुसरं काय.

बायजाबाई ओटीवर आल्या. फोटोच्या चौकटीत खोचलेलं कार्ड त्यांनी काढून दाखवलं. ते दत्तात्रेयाचंच होतं, कडा मळलेलं.

"ह्ये कदी जेवले नायत कुठल्या लग्नात," त्या म्हणाल्या. "घरी येऊन जेवायचे. माझ्यावर रागवायचे, भात निवला म्हणून." मग त्यांनी पदर सारखा केला. "आदी स्वतः ह्येच वाजवायचे. कंपनीत परमनंट झाले, तवा पेटीत ठेवलं त्ये ठेवलंच."

"मला माफ करा, मावशी."

"माफी नको. ती चाल वाजव."

दत्तात्रेयाने कोट काढून टेम्पोत टाकला आणि ओटीच्या पायरीवर बसून वाजवायला सुरुवात केली. पहिली ओळ नीट गेली. दुसरीत श्वास लांबवायचा होता आणि तिथेच त्याला कळलं की वाजवण्याच्या अकरा वर्षांत त्याने एकही सूर पाच मात्रांपेक्षा जास्त वेळ धरलेला नाही. ढोलाच्या आवाजाखाली आजवर सगळं झाकलं गेलं होतं. सूर कापला, चिरकला आणि चाल अर्ध्यावर तुटली.

त्या शांततेत कौलांवर पंख वाजले. कावळा पानावर बसला होता.

गोविंदाचा जीव चालीत अडकला होता, असं बायका म्हणाल्या. एक म्हातारे काका मात्र शेजाऱ्याला सांगत होते की वाजवणं थांबलं म्हणून आला. दोन्ही बोलणी दत्तात्रेयाने ऐकली. काकांचं बरोबर असावं असं त्याला वाटलं.

संध्याकाळी त्याने सुरभीला सगळं सांगितलं. तिरुपतीपाशी ती हसली. पुढे हसली नाही. चाल पुरी झाली का, एवढंच तिने विचारलं. नाही म्हटल्यावर ती उठली. तिने मिठाची बरणी बाजूला केली आणि फॉर्मवर पेन ठेवलं.

"काय लिहायचं ते खरं लिही," ती म्हणाली. "आणि ती चाल पुरी कर आदी. ऐकवत नाय तुझं अर्धवट."

सोमवारी पावणेदहाला तो धाटावला कंपनीच्या खिडकीशी उभा होता. कारकुनाने फॉर्म वाचला आणि चौदाव्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे 'वादक, कार्यप्रसंगी' असं लिहिलेलं होतं. सगळे इथे 'नाही' लिहितात, कारकून समजुतीने म्हणाला; हे ठेवलंस तर फॉर्म पुढे जायचा नाही, ठेक्यावरच राहशील. त्याने खोडायला पेनही पुढे केलं.

दत्तात्रेयाने ते घेतलं नाही.

"कार्यप्रसंगी म्हणजे लग्नाला ना?" कारकुनाने विचारलं.

"बाराव्यालाही," दत्तात्रेय म्हणाला, आणि फॉर्म खिडकीतून आत सरकवून शिफ्टला गेला.