उबदार, ओलसर आणि अंधारी जागा

लहान मुलांना निसर्ग कसा समजवावा, हे मला कुणी शिकवायला नको! आमच्या बालवर्गात वसंत ऋतूचा आठवडा होता आणि मोठ्या बाईंना मी छातीठोकपणे सांगितलं होतं, "यंदा चित्रंबित्रं काही नाही. मुलं स्वतः बी पेरतील, स्वतः शिकतील!"

तर त्या सकाळी मी प्रत्येकाला एक कागदी पेला, मूठभर माती आणि एक सुका वाटाणा दिला. आवाजात जमेल तितकं गूढ आणून म्हटलं, "बाळांनो, बी झोपलेलं असतं. त्याला उबदार, ओलसर आणि अंधारी जागा मिळाली की ते फुगतं, फुगतं आणि त्यातून झाड बाहेर येतं!" सगळे डोळे विस्फारून ऐकत होते. मी स्वतःवरच खूश झाले.

पेले खिडकीत मांडताना लक्षात आलं, एका पेल्यातल्या मातीला बोटसुद्धा लागलेलं नाही. पेला डंपरचा. चार वर्षांच्या या पोराला डंपरखेरीज दुसरा विषय नाही, म्हणून सगळे त्याला डंपरच म्हणतात.

"डंपर, तुझा वाटाणा कुठंय?"

"पेरला."

"कुठे?"

त्याने नाकाकडे बोट दाखवलं. "इथे उबदार आहे. ओलं पण आहे!"

खोटं नव्हतं! त्या नाकाला बारा महिने तेरा काळ पाण्याची टंचाई नसते. पण सुका वाटाणा भिजला की दुप्पट होतो, हे मीच तर मघाशी रंगवून सांगितलं होतं. पोराचा श्वास अडकला म्हणजे?

"राजा, तोंडाने श्वास घे! नाक वर ओढू नकोस!"

त्याने सवयीने नाक वर ओढलं.

मदतनीस मावशी धावत आल्या. "अगोबाई! मिरपूड हुंगवू का? शिंकेबरोबर येईल बाहेर."

"मावशी, शिंकायच्या आधी माणूस श्वास आत घेतो!"

"मग उलटा धरू?"

"नको! आधी समोरच्या डॉक्टरांना बोलवा!"

मावशी पळाल्या आणि इकडे डंपरच्या शेजारी बसणारी चिमणी म्हणाली, "बाई, माझ्या पण नाकात आहे!"

"माझ्या दोन्हीत!"

"माझ्या कानात!"

"माझ्या पोटात झाड आलं!"

बघता बघता अख्खा वर्ग शेतजमीन झाला. खरं कोण, खोटं कोण? खात्री करायला मी पेल्यांतली माती उपसायला लागले, तर 'बाईंनी झाडं मारली' म्हणून मुलांनी भोकाड पसरलं. नेमक्या तेव्हाच मोठ्या बाई आत आल्या.

"हे काय चाललंय?"

"निसर्ग," मी म्हणाले.

डॉक्टरांनी डंपरला मावशींच्या मांडीवर बसवलं, नाकात बॅटरी मारली आणि नुसतं "हं" म्हणाले. त्या 'हं'नंतरचा वेळ मी कसा काढला, ते माझं मला माहीत! मग बारीक आकड्याने त्यांनी वाटाणा अलगद बाहेर काढला. चांगला टपोरा झाला होता मेला! मी डंपरला छातीशी धरून रडायलाच लागले. तोही रडत होता, पण वेगळ्या कारणाने.

"माझं झाड काढलं!"

डॉक्टरांनी मग सगळीच नाकं तपासली. बाकीच्यांत नेहमीचंच पीक निघालं.

ते गेल्यावर मोठ्या बाई मला म्हणाल्या, "आता यांना नीट, सोप्या शब्दांत सांगा. एकही शंका राहता कामा नये."

मी कंबर कसली. "बाळांनो, ऐका! नाकात बी रुजत नाही. का? कारण तिथे माती नसते! बी रुजायला माती लागते. कळलं?"

"कळलं!" वर्ग एका सुरात ओरडला. त्या रात्री मी शांत झोपले.

सकाळी शाळेच्या दारात पालकांचा घोळका उभा होता. सगळ्यात पुढे चिमणीची आई. शेजारी चिमणी, आ वासून तोंडाने श्वास घेत होती.

"बाई," तिची आई म्हणाली, "हिने नाकात माती भरलीय आणि धुवू देत नाही. म्हणते, बाईंनीच सांगितलंय."

मी बाकीच्या मुलांकडे पाहिलं. सगळी तोंडं उघडी! तेवढ्यात डंपर वाट काढत पुढे आला आणि माझ्यासमोर हात पसरून म्हणाला,

"बाई, माती घातली. आता वाटाणा द्या!"