गहिवर मापन कक्ष

ज्या खेळाडूचे आई आणि वडील दोन वेगवेगळ्या देशांचे आहेत, त्याने एकोणिसावं वर्ष लागण्यापूर्वी दोहोंपैकी एक देश निवडावा, असा जलतरण महासंघाचा नियम आहे. नियम रास्त आहे. एकाच माणसाने एकाच शर्यतीत दोन मार्गिकांतून पोहणं बरं दिसत नाही.

पाणकोंबडीला एकोणिसावं लागायला थोडेच महिने उरले होते. हे नाव वडिलांनी ठेवलेलं. लहानपणी ती तलावाबाहेर यायचं नाव घेत नसे, आणि बाहेर काढलीच तर कलकलाट करी. वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. आई सीमेपलीकडची, ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. घरात दोन्ही देशांच्या नावाने सारखीच बोटं मोडली जात, त्यामुळे मुलगी अगदी निःपक्षपाती वाढली होती. तिला एकच गोष्ट मनापासून हवी होती. येत्या हंगामातल्या मोठ्या स्पर्धेत बॅकस्ट्रोक पोहायचा. त्यापुढच्या स्पर्धेपर्यंत तिचा खांदा टिकणार नाही, असं कोचसरांनी स्वच्छ सांगितलं होतं.

"मी इथूनच पोहते," ती एकदा जेवताना म्हणाली.

"का गं?" आईने विचारलं.

"तलावापर्यंत थेट बस आहे."

"कुणी विचारलं तर हे सांगू नकोस," वडील म्हणाले.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. मामाचा पलीकडून फोन आला. "त्यांच्याकडून पोहलीस तर तू माझी भाची नाहीस, असं मी चारचौघांत सांगेन."

"मामा, मी तुझी भाची आहे हे तरी तू कुठे कुणाला सांगितलंयस?"

आत्याने जास्त विचार केला होता. "इकडून पोहली तर आमचं रक्त," ती म्हणाली. "तिकडून पोहली तर आईचं वळण."

महासंघाच्या कचेरीत खिडकीमागच्या कारकुनाने कारण विचारलं. पाणकोंबडीला वडिलांचा सल्ला आठवला. "मला या देशाबद्दल प्रेम वाटतं," ती म्हणाली.

"वाटत असेल. पण दाखवावं लागेल," कारकून म्हणाला. "जिना चढून वर जा. गहिवर मापन कक्ष."

हा कक्ष उगाच उघडलेला नव्हता. पूर्वी एका मिश्र घरातल्या सायकलपटूने पदक गळ्यात पडल्यावर, झेंडा वर जात असताना, ढळढळीत जांभई दिली होती. तो रात्रभर झोपला नव्हता ही गोष्ट वेगळी. तेव्हापासून अशा खेळाडूंचा गहिवर आधीच तपासून घेण्याचं ठरलं. खोलीत प्लायवूडचा विजयमंच होता, मोटारीवर वरखाली होणारा झेंडा होता आणि डोळ्यांवर रोखलेला कॅमेरा होता. खिडकीशी पांढरा कोट घातलेल्या मापनाधिकारी बाई बसल्या होत्या.

"ज्यांचे आई-वडील दोघंही इथलेच, त्यांचीही चाचणी होते का?" पाणकोंबडीने मंचावर चढता चढता विचारलं.

"नाही. त्यांचा गहिवर गृहीत धरतात."

राष्ट्रगीत वाजलं, मोटार घरघरली, झेंडा वर गेला. बाईंनी पडद्यावर वाकून पाहिलं.

"डोळे लाल आहेत."

"क्लोरीनने. मी सकाळीच पोहून आलेय."

"म्हणजे हा गहिवर की क्लोरीन, ते सांगता येत नाही."

"मी सांगते ना. क्लोरीन आहे. मला गहिवर आलाच नव्हता."

"ते तुम्ही ठरवायचं नसतं," बाई शांतपणे म्हणाल्या.

डोळे मूळ स्थितीत येईपर्यंत पाणकोंबडीने तलावात उतरू नये, असा आदेश निघाला. कोचसर तावातावाने कक्षात गेले. पोहणाऱ्या मुलीला निवडण्यासाठी तिचं पोहणं बंद करणं हे त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं. "निदान गॉगल लावून तरी पोहू द्या," त्यांनी हात जोडले. कक्षाने या विनंतीचा सहानुभूतीने विचार केला. पण गॉगलची वर्तुळं डोळ्यांभोवती उमटतात आणि माणूस कायमचा चकित दिसतो, त्यामुळे मापन बिघडतं, असं कळवण्यात आलं. अंघोळीला मुभा मिळाली. डोळे मिटून.

या रिकाम्या दिवसांत आत्याच्या ओळखीने एका निवृत्त नटाची शिकवणी लावण्यात आली. "पहिल्या ओळीला ओठ थरथरले पाहिजेत," नट शिकवत असे. "दुसऱ्या ओळीला हनुवटी. पाणी तिसरीला. आधी आलं तर लोकांना वाटतं, घरी कुणी गेलं." पाणकोंबडीची हनुवटी पहिल्याच ओळीला हलायची आणि पाणी काही केल्या यायचं नाही. तिचं सगळं लक्ष खांद्याकडे असे. तो आखडत चालला होता.

"मी या देशात आले तेव्हा मला कुणी रडून दाखव म्हटलं नव्हतं," आई भांडी पुसता पुसता म्हणाली. "तरी बरीच रडले."

वडिलांनी एक चांगला चालणारा मिक्सर उघडला आणि दुरुस्त करायला घेतला.

दुसऱ्या चाचणीच्या दिवशी कमालीचं उकडत होतं, म्हणून बाईंनी खिडकी सताड उघडली होती. खाली महासंघाचा सरावाचा तलाव होता. झेंडा हलायच्याही आधी क्लोरीनचा तो वास आत आला. मग कुणीतरी सूर मारल्याचा आवाज आला. पाणकोंबडीचे ओठ, हनुवटी, पाणी, सगळं एकदमच झालं. तिला हुंदके आवरेनात. गीत संपलं, मोटार थांबली, तरी ती रडतच होती. बाईंनीही चष्मा काढून पुसला.

"नेमकं काय वाटलं?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

"मला पोहायचंय," पाणकोंबडी म्हणाली.

'देशासाठी पोहण्याची अनावर ओढ,' असा शेरा पडला.

कॅमेऱ्यातलं चित्रण महासंघाने प्रसिद्ध केलं आणि ते घरोघरी पाहिलं गेलं. पाहणारेही रडले. उद्‌घाटनाला झेंडा धरायचा मान पाणकोंबडीला मिळाला. स्पर्धेत ती पहिल्याच फेरीत सर्वांत शेवटी आली. खांदा अर्ध्यातच धरला होता. कुणी शब्दानेही बोललं नाही. उलट, हरली तरी आपलीच, असं लोक एकमेकांना सांगू लागले. मामाने मात्र दिलेला शब्द पाळला.

महासंघ इतका समाधानी होता की पुढच्या वर्षभराच्या सगळ्या समारंभांसाठी तिची नेमणूक झाली. अट एकच. डोळ्यांचा दर्जा टिकावा म्हणून तलावात उतरायचं नाही.

तिने मग आईच्या देशाकडे विचारणा केली. त्यांनीही ते चित्रण पाहिलं होतं. दुसऱ्यासाठी एवढी रडलेली मुलगी घ्यायला त्यांची ना नव्हती. फक्त तिने आधी त्यांच्या पश्चात्ताप मापन कक्षात जाऊन यावं, असं उत्तर आलं.

हल्ली पाणकोंबडी गावाबाहेरच्या सार्वजनिक तलावावर तिकीट काढून पोहते. टोपी कपाळावर ओढून घेते, तरी लोक ओळखतातच. परवा शेजारच्या मार्गिकेतल्या एक बाई कठड्याला धरून थांबल्या.

"तू तीच ना गं, रडणारी?"

"हो."

"मग खरं सांग, आपल्यातच राहील. मनातून तू कुणाची?"

कारकुनाने, मामाने, आत्याने आणि आता या बाईंनी तेवढंच विचारलं. ही मुलगी पाण्यात उतरल्यावर किती जोरात जायची, हे विचारायचं कुणालाही सुचलं नाही. तुम्हीही तिच्या मागोमाग इथवर आलात. तुम्हालाही नाही.