बुजगावण्याचा कोट

"एक करकोचा! दहा नको, पाच नको. एक करकोचा माझ्या डोळ्यांदेखत त्या शेतात उतरू दे, मी भर चौकात डोक्यावर मडकं घालून बुजगावणं म्हणून उभा राहीन!"

चष्मेवाल्यांनी हे इतक्या मोठ्याने म्हटलं की शेजारच्या लॉन्ड्रीवाल्या काकू हातातली इस्त्री तशीच घेऊन बाहेर आल्या.

चष्मेवाल्यांचं दुकान आणि मास्तरांचं शिवणकामाचं दुकान, मध्ये एकच भिंत. मास्तरांचं मशीन चालू झालं की तोंडही चालू व्हायचं, आणि तोंडाला विषय एकच: बायकोचं माहेर. ते उंचावरचं पठार, ती रंगीबेरंगी शेतं, आणि थंडी पडली की कापणी झालेल्या रानात सांडलेलं धान्य टिपायला उतरणारे ते लांब पायांचे करकोचे.

"मास्तर, तुमचं लग्न झालं तेव्हा ते पन्नास होते," चष्मेवाले म्हणाले. "मुलगी झाली तेव्हा शंभर झाले. आज म्हणताय तीनशे. पठारावर उतरतात की तुमच्या तोंडातच अंडी घालतात?"

पडद्यामागे मास्तरांची बायको बटणं लावत होती. तिची सुई थांबल्याचं मास्तरांना पाठमोरे असूनही कळलं. आता माघार घेतली तर चौकात एकदाच नाक कापलं गेलं असतं, घरात मात्र रोज.

"ठरलं!" मास्तरांनी कात्री आपटली. "रविवारी चला. दिवस मावळेपर्यंत एकही उतरला नाही तर मी उभा राहतो मडकं घालून. वर गळ्यात पाटी, 'मी थापाड्या आहे.'"

"पंच मी," काकू म्हणाल्या. "टेम्पोही माझा. आणि हरणाऱ्याने भर बाजारात उभं राहायचं. लपूनछपून चालणार नाही."

रविवारी लॉन्ड्रीचा टेम्पो घाट चढू लागला. पुढे काकू आणि मास्तरांची बायको, मागे धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर हे दोघे. शेवटचं वळण गेलं आणि पठार समोर उघडलं. उतारावर पायऱ्या-पायऱ्यांची शेतं. मोहरीचा पिवळा, त्याच्या खाली जवसाचा निळा, मध्येच राजगिऱ्याचा असा लाल पट्टा की डोळ्यांना चटका बसावा. चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. नंबर बरोबर होता.

"हा निळा बघा," मास्तरांची छाती फुगली होती. जणू सगळं त्यांनीच रात्री बसून शिवलं होतं. "दुकानात कुणी असला रंग मागितला तर मी सांगतो, असा येतच नाही. येतो हो. पण इथंच येतो."

"रंगाची पैज नव्हती," चष्मेवाले म्हणाले. पण आवाज जरा खाली आला होता.

आणि नेमकं तेव्हाच मास्तरांना कोट आठवला.

झालं होतं असं. गेल्या वर्षी चष्मेवाल्यांनी भाचीच्या लग्नासाठी कोट शिवायला टाकला. कॉलर उंच झाली, मग बुटकी झाली, मग 'तशी ठीक आहे, पण मनात भरत नाही' झाली. शेवटी वैतागून चष्मेवाले ओरडले, "घाला हा कोट बुजगावण्याला!" आणि पाय आपटत निघून गेले. मास्तर पडले शब्दाचे पक्के. त्याच आठवड्यात मेहुण्याने बुजगावण्यासाठी जुना सदरा मागितला होता. मास्तरांनी कोट पाठवून दिला. अस्तरासकट.

मेहुणा बांधावरच उभा होता. "या दाजी! ताई, किती वाळलीस गं! बरं झालं आलात. यंदा पाखरं आलीत, पण खाली काही उतरत नाहीत बघा. नुसती घिरट्या घालतात."

सगळ्यांनी वर पाहिलं. आभाळात करकोच्यांची लांबच लांब माळ गोल फिरत होती, कर्र कर्र करत. आणि खाली, कापलेल्या रानाच्या मधोमध एका काठीवर उभा होता चष्मेवाल्यांचा कोट. वाऱ्याने बाह्या फडफडत होत्या, कमरेला बांधलेले पत्र्याचे डबे वाजत होते. पाखरं खाली झेपावायची, कोट हात उडवायचा, की परत वर.

"अरे, ते काढ ना!" मास्तर कळवळले. "या रानात आता राखायचं काय राहिलंय?"

"काढणार होतो दाजी, पण इतका झकास कोट. गावातली माणसं मुद्दाम बघायला येतात. मन होईना."

बुजगावणं आडवं झालं. मेहुण्याने कोट झटकून बांधावर ठेवला. वारा बोचरा होता आणि चष्मेवाले नुसत्या शर्टावर आलेले. त्यांनी कोट उचलला, उलटा केला, आतला खिसा पाहिला.

"मास्तर. हा खिसा मी सांगितला होता. चष्म्याच्या घरासाठी."

"तुम्हीच म्हणालात, बुजगावण्याला घाला."

"रागात माणूस काहीही बोलतो!"

"मी मापं लिहून घेतो, राग नाही."

काकूंना हसू आवरेना. चष्मेवाल्यांनी तणतणत कोट अंगात घातला. बटणं लावली आणि हात वर-खाली करून पाहिले. खांदा खांद्यावर, बाही मनगटावर. कोट अंगाला असा बसला की जणू कातडीबरोबर वाढला होता. हे तोंडाने कबूल करण्यापेक्षा त्यांनी जीभ चावली असती. पण पुढच्याच क्षणी त्यांचे डोळे लकाकले.

"काकू, पैजेत असं कुठं आहे का की रानात बुजगावणं नको?"

"नाही बाबा."

"मग मी निघालो!" आणि चष्मेवाले तरातरा रानाच्या मधोमध जाऊन दोन्ही हात पसरून उभे राहिले.

"ही लबाडी आहे!" मास्तर ओरडले.

"लबाडी कसली? तुम्ही माझा कोट शेतात उभा केलात, मी फक्त त्याच्या आत उभा आहे!"

काकूंनी निकाल दिला, "बसतं नियमात." मंडळी मेहुण्याच्या खोपटात जाऊन बसली. मास्तरांना डोक्यावर मडकं दिसू लागलं, गळ्यात पाटी दिसू लागली, आणि पुढची वीस वर्षं भिंतीपलीकडून येणारं हसू आत्ताच ऐकू येऊ लागलं. दिवस कलला. शेजारी बायको तोंडाला पदर लावून खुसखुसत होती.

"हसतेस काय? तुझ्या माहेराची अब्रू चाललीय!"

"अहो, भाऊजींकडे बघा तरी. बुजगावणं असं उभं राहतं होय? ते हलतं, फडफडतं, वाजतं, म्हणून पाखरं बिचकतात. आणि हे खांबासारखे ताठ. त्यात तुम्ही कोट शिवलाय इतका मापात की एक सुरकुतीसुद्धा हलत नाही. खांबाला कोण घाबरतं?"

मास्तर खिडकीशी धावले. "मग त्यांना सांगतोच, कोट कसा मापात..."

"तुम्ही गप्प बसा. आयुष्यात एकदा!"

पहिला करकोचा उतरला तो चष्मेवाल्यांपासून चार हातांवर. त्याने मान तिरकी करून कोटाकडे पाहिलं, नापसंत काही दिसलं नाही, आणि दाणे टिपू लागला. मग दुसरा. मग सगळी माळच तुटून खाली सांडली. राखाडी पंख, लाल माथे, मागे मोहरीचा पिवळा आणि वर मावळतीचा केशरी. मध्ये चष्मेवाले, हात पसरलेले, तोंड उघडं. एकाने येऊन कोटाचं बटण चोचीने ओढून पाहिलं. बटण तुटलं नाही. मास्तरांचा ऊर भरून आला. करकोच्यांमुळे की बटणामुळे, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

ऊन गेलं, पाखरं उठून तळ्याकडे गेली, तेव्हा कुठे चष्मेवाल्यांचे हात खाली आले. ते खोपटाशी आले. चष्म्याच्या काचा ओल्या होत्या.

"कॉलर?" मास्तरांनी विचारलं.

"ठीक आहे कॉलर," चष्मेवाले म्हणाले.

पुढच्या बाजाराच्या दिवशी चौकात ही गर्दी. मधोमध चष्मेवाले, अंगात तोच कोट, डोक्यावर मडकं, हात पसरलेले. मास्तर पायरीवर खुर्ची टाकून, पायावर पाय टाकून बसले होते. ह्या दिवसासाठी त्यांनी खास टोमणे पाठ करून ठेवले होते. पण बोलायला मिळेल तर ना!

"काय सांगू तुम्हाला," मडक्याखालून आवाज घुमत होता, "चारशे करकोचे! माझ्या या हाताखालून चालत होते!"

भाजीवालीने विचारलं, "चारशे?"

"पाचशे म्हणा! आणि ते शेतांचे रंग! अहो, आमच्या मास्तरांची सासुरवाडी आहे ती, चेष्टा नाही!"

मास्तरांना राहवेना. ते उठून जवळ गेले आणि हळूच म्हणाले, "अहो, पाचशे नव्हते. फार तर दीडशे असतील."

मडकं त्यांच्याकडे वळलं.

"मास्तर, तुम्ही खोपटात होता," चष्मेवाले म्हणाले. "तिथून काय दिसणार?"