सांडलेल्या चहाचा अभ्यास

वामनने अख्ख्या पाड्याला बजावून ठेवलं होतं, "ठान्याला मी वॉचमन होतो. शहरातला मानूस मना तोंडपाठ हाय! मी करीन तसाच करा. झाला!"

प्रसंगच तसा होता. पुण्याहून निरगुडकर सर येणार होते. कुठल्या भागातले लोक पाहुण्याचं स्वागत कसं करतात, याचा त्यांचा मोठा अभ्यास चालू होता. कोकण झालं, खानदेश झाला, आता मोखाड्याची पाळी! त्यांना इथलाच एक मदतनीस पगारावर हवा होता. वामनची रविना जव्हारच्या कॉलेजात शिकणारी, तेव्हा ही नोकरी तिचीच. फक्त सर खूश व्हायला हवे होते. आणि पाहुणा जसा वागेल तसं आपण वागलं की तो खूश होतो, हे वामनचं ठाण्यात कमावलेलं ज्ञान!

सर आले, खाटेवर बसले. अंगणभर माणसं जमली. वामनच्या बायकोने, लाडकीने, सगळ्यांना कोरा चहा दिला. सरांनी कप उचलला आणि थबकले. आत मुंगळा पोहत होता! घरच्यांना वाईट वाटू नये म्हणून त्यांनी कप हळूच कलता केला आणि चहा जमिनीवर ओतला.

वामनला ओतणं दिसलं, मुंगळा दिसला नाही. तो चक्रावला. ठाण्यात असं कुणी करत नव्हतं. पण हे पडले पुण्याचे! त्याने लगेच आपला चहा ओतला. त्याचं बघून म्हाताऱ्या गोमाने ओतला, शेजारच्या सखीने ओतला, सगळ्या अंगणाने ओतला!

"अरे वा! पहिला मान जमिनीला!" सर स्वतःशीच पुटपुटले आणि भराभर लिहू लागले.

दुसरा चहा आला. सरांनी तो दोन्ही हातांनी, अगदी भक्तिभावाने ओतला. वामननेही तसाच ओतला. गोमाने तर कप आधी कपाळाला लावला. का, ते त्यालाच ठाऊक! मग तिसऱ्या वेळी सरांनीही लावला. आता कोण कुणाचं बघून काय करतंय, हे वामनला कळेना. अंगणात भात लावता येईल एवढा चिखल झाला!

लाडकी रिकामं पातेलं घेऊन बाहेर आली. "घरातली साखर सरली, सखीकडची पन सरली! तुमी चहा पिता का अंगन सारवता?"

"गप र्‍हा! पोरीच्या नोकरीचा सवाल हाय!"

तेवढ्यात जव्हारच्या एसटीने रविना आली. वामनने "ही आमची रविना" म्हणताच सर लगबगीने उठले. "रविना, ही चहाची चाल किती जुनी गं?"

"कसली चाल, सर? आमच्यात चहा पितात."

सरांचा चेहरा पडला. गेली नोकरी! वामनने घाबरून हात जोडले. "सायब, खरं सांगतो. तुमी वतला म्हनून आमी वतला. चाल तुमची हाय!"

सरांनी तेही लिहून घेतलं. "चालीचं श्रेयसुद्धा पाहुण्याला! काय ही नम्रता!"

"नाय सायब, नम्रता नाय..."

"बघा, नम्रतासुद्धा कबूल करत नाहीत!"

सरांनी जागच्या जागी निर्णय घेतला. कॉलेजात जाऊन रविनाला घरच्या चाली परक्या झाल्या होत्या. मदतनीस हवा तर वामनसारखा, मातीत मुरलेला. "सोमवारपासून तुम्हीच या. पोशेरा गावापासून सुरुवात करू!"

जीप गेली. पोरीची नोकरी बापाच्या गळ्यात! वामन ओशाळून म्हणाला, "मना लिवता कुठं येतं? तूच लिव बाय."

"लिवीन. पन जे खरं असंल तेच लिवीन."

"खरं नको गं! खरं बोललीस म्हनून तर तुझी नोकरी गेली!"

"आनि तू खरं बोललास म्हनून तुला लागली!"

वामनने यावर बराच विचार केला. अजून करतोय.