न बिघडलेल्या वायफायची दुरुस्ती

"ही एवढीशी डबी मला हरवणार?" बापाक दार्सोनोंनी लुंगीची गाठ घट्ट करत विचारलं. "अगं, साखर कारखान्यातले घराएवढे बॉयलर माझ्या नुसत्या खोकण्यानं सरळ चालायचे! हिला तर दोनच शिंगं आहेत!"

त्यांची बायको बू मुर्तिनी मिरच्या वाटत होत्या. (जावा बेटावर बापाला आणि वडीलधाऱ्या पुरुषाला बापाक म्हणतात, वडीलधाऱ्या बाईला बू.) त्यांनी मान वर केली नाही. नवऱ्यानं दुरुस्त केलेला पंखा गेली कित्येक वर्षं फक्त डावीकडे बघत होता आणि भिंतीवरचं घड्याळ फक्त जेवायच्या वेळी बरोबर असायचं. पण ह्या वेळची गोष्ट वेगळी होती. रविवारी वेनिंगची मागणी होती!

वेनिंग ही त्यांची एकुलती एक लेक. जपानात एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा करायची. मुलगा क्लातेन गावचा, गालिह नावाचा, शाळेत मास्तर. दोघांचं जमलं होतं, आता रीत तेवढी उरली होती. मुलाकडच्यांनी ताटं सजवून घेऊन यायचं, त्यांच्यातल्या वडीलधाऱ्यानं सगळ्यांदेखत मुलीला विचारायचं आणि मुलीनं सगळ्यांदेखत "हो" म्हणायचं. ते "हो" मात्र मुलीच्याच तोंडून यावं लागतं. आई, बाप, मामा, कुणाचंही चालत नाही. आणि मुलगी तर जपानात, म्हणजे ते "हो" येणार त्या वायफायच्या डबीतून!

गुरुवारी रंगीत तालीम झाली. वेनिंगचा चेहरा पडद्यावर आला, "बापाक, तिकडे सगळं..." एवढं म्हणाली आणि थिजली. एक डोळा मिटलेला, तोंड उघडं, जशी काही शिंक अडकलीय.

"क्लातेनची माणसं माझ्या लेकीचं हे ध्यान बघणार?" बू मुर्तिनी कळवळून म्हणाल्या. "अशानं होणारी सासू उठून जाईल हो!"

म्हणून बापाक कामाला लागले. त्यांनी डबी बंद करून चालू केली. शिंगं उभी केली, आडवी केली, फाकवली. कपाटावरून फ्रिजवर नेली, फ्रिजवरून खिडकीत ठेवली. ओल्या फडक्यानं पुसली, मग घाबरून कोरड्या फडक्यानं पुसली. शेवटी दोन चापट्याही मारून पाहिल्या. वेनिंगची शिंक काही सुटेना.

"झाली कारागिरी?" बू मुर्तिनींनी विचारलं. "आता जरा खिडकीबाहेर बघा."

खिडकीबाहेर, कुंपणाला लागूनच, गल्लीची गस्तीची चौकी होती. बांबूचा माचा, वर पत्रा. माच्यावर गल्लीचे प्रमुख बापाक जुमादी, शेजारी पंखे आणि भाताचे कुकर दुरुस्त करणारा बाग्यो, पलीकडे त्याचे दोघे मेहुणे आणि कोपऱ्यात सिंबाह पोनिराह, गल्लीतली सगळ्यांत म्हातारी बाई, सगळ्यांचीच सिंबाह म्हणजे आजी. सगळ्यांच्या माना खाली, सगळ्यांच्या हातात मोबाइल. देवळात बसावं तशी शांतता!

"अख्खी गल्ली आपल्या डबीला लोंबकळतेय," बू मुर्तिनी म्हणाल्या. "डबी काय करील बिचारी? पासवर्ड बदला."

बापाकांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. गल्लीत पहिलं वायफाय त्यांच्याकडे आलं, तेव्हा त्यांनीच तर चौकीवर उभं राहून पासवर्ड जाहीर केला होता! "वापरा हो, आपलंच आहे!" असं म्हणत दारोदार फिरले होते. सिंबाहच्या मोबाइलमध्ये तर स्वतःच्या हातानं घालून दिला होता.

"अगं, लोक काय म्हणतील? पोरगी परदेशात कमवायला लागली आणि दार्सोनो चिक्कू झाला!"

"आणि पोरीचं लग्न मोडलं तर काय म्हणतील?"

भीड भिकेची बहीण म्हणतात, पण जावाच्या माणसाला भिकेची भीती कमी आणि भिडेची जास्त. बापाक दोन दिवस कुढत राहिले. शेवटी शनिवारी दुपारी, चोरानं कुलूप उघडावं तसं इकडेतिकडे बघत, त्यांनी पासवर्ड बदलला. फक्त रविवारपर्यंत, असं स्वतःला बजावून.

आणि काय सांगावं! वेनिंग पडद्यावर अशी आली की हनुवटीवरची पुटकुळीसुद्धा दिसली. बू मुर्तिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. बापाकांनी मिशीवर ताव दिला. "बघितलंस? बॉयलर काय आणि डबी काय!"

तो ताव उतरायच्या आत दारात बापाक जुमादी उभे.

"आज हवा जरा जड वाटतेय, नाही?" जुमादी म्हणाले.

"वाटतेय खरी," दार्सोनो म्हणाले.

"माझा मोबाइल जरा... म्हणजे जुनाच झालाय तो. त्याचाच दोष असणार."

इथं गप्प बसायचं होतं. एवढंच करायचं होतं! पण समोरचा माणूस स्वतःकडे दोष घेतोय हे बघून गप्प बसणं बापाकांच्या रक्तातच नव्हतं.

"छे छे, तुमच्या मोबाइलचा कसला दोष! माझंच मशीन बिघडलंय!"

"बिघडलंय?" जुमादींनी त्यांच्याकडे क्षणभर निरखून बघितलं. "अरेरे. आणि उद्या तर मागणी."

"हो ना."

"मग असं कसं चालेल?" जुमादी म्हणाले आणि नमस्कार करून गेले.

आता ह्याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण! रविवारी सकाळी बू मुर्तिनींनी मोठ्या कढईत पापड तळायला घेतले आणि बाहेर गलका झाला. बघतात तो अंगणात गल्ली लोटलेली! कुणाच्या हातात शिडी, कुणाच्या पक्कड, कुणाकडे वायरींचं भेंडोळं. सिंबाह पोनिराह तळलेल्या केळ्यांचं ताट घेऊन आल्या होत्या. कुणाचं छप्पर उडालं की गल्लीनं मिळून घालायचं, कुणाचं गटार तुंबलं की मिळून उपसायचं, अशी इथली रीत. मग वायफाय काय गटाराहून परकं?

"बापाक, तुम्ही बसा!" बाग्यो म्हणाला. "मुलीचा बाप तुम्ही, आजच्या दिवशी हात काळे करायचे नाहीत!"

"अरे, पण... तसं आता जरा बरं आहे त्याला..."

"बरं वाटतं हो! पण दुखणं आत असतं." बाग्योनं डबी उलटी करून तिचे स्क्रूसुद्धा काढले.

बापाक दार्सोनो ओट्यावर बसून केळं चावत होते. मशीन ठणठणीत आहे म्हणावं तर काल खोटं बोललो हे उघडं पडणार, न म्हणावं तर हे लोक ठणठणीत मशीन मारणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार!

"उंची पाहिजे," जुमादींनी निदान केलं. "जमिनीवर कुठं लहरी मिळतात?"

अंगणातली सगळ्यांत उंच जागा म्हणजे होल्याचा खांब. बापाकांचा लाडका होला, कबुतराच्या जातीचं पाखरू, रोज सकाळी पिंजऱ्यात बसून दोरीनं वर चढायचा आणि घुमायचा. आज तो खाली उतरला. त्याला दिवाणखान्यात टोपलीखाली ठेवलं आणि त्याच्या पिंजऱ्यात डबी बसवली. लांब वायर जोडली, ऊन लागू नये म्हणून होल्याचंच फुलाफुलांचं कापड वरून घातलं आणि दोरी ओढली. डबी डुलत डुलत वर गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या!

"मागे कढई पाहिजे," बाग्योच्या मेहुण्यानं सुचवलं. "आमच्याकडे एकानं लावली होती. लहरी गोळा होतात."

जुमादी स्वतः स्वयंपाकघराच्या दारात गेले आणि अदबीनं वाकून म्हणाले, "बू, जरा कढई मिळाली असती तर... पण राहू दे, तुमची अडचण होईल."

बू मुर्तिनींनी उकळत्या तेलाकडे पाहिलं. अर्धे पापड कच्चे होते. नवऱ्याच्या भिडेवर बोट ठेवणारी ही बाई, आता तिच्याकडे अख्खी गल्ली बघत होती.

"छे, कसली अडचण!" त्या गोड हसून म्हणाल्या आणि तेल पातेल्यात ओतून कढई देऊन टाकली. त्यानंतर त्या दिवशी त्यांनी नवऱ्याला भिडेवरून एक अक्षर ऐकवलं नाही.

तरी इथवर सगळं निभावलं असतं. पण बाग्योला समाधान वाटेना. त्यानं पिंजरा पुन्हा खाली घेतला. "मागे हे बारीक भोक आहे बघा. इथंच घाण साठते!" असं म्हणून त्यानं टाचणी घातली आणि चांगली दाबून धरली.

डबीचे सगळे दिवे एकदम विझले. मग एकच लाल दिवा लागला आणि लुकलुकत राहिला.

"झालं साफ!" बाग्यो म्हणाला आणि त्यानं पिंजरा पुन्हा वर चढवला.

खरंच झालं होतं साफ! नवा पासवर्ड गेला, जुना गेला, कंपनीच्या माणसानं भरलेलं सगळं गेलं. बापाकांनी मोबाइल पाहिला. काही नाही. कंपनीला फोन लावला. रविवार! शनिवारी खोटं असलेलं आता खरं झालं होतं.

आणि नेमके त्याच वेळी क्लातेनचे पाहुणे दारात आले.

पुढे गालिहचे वडील बापाक सुतेजो, मागे त्यांची बायको, मग गालिह आणि ताटं घेतलेली माणसं. गुळाच्या चिकट भाताच्या वड्या, केळ्यांचे घड, साडीसारखं घडी घातलेलं बातिकचं कापड. त्यांना दिसलं ते असं, की अख्खी गल्ली माना वर करून एका खांबाकडे बघत उभी आहे. खांबावर फुलाफुलांच्या कापडातला पिंजरा, पिंजऱ्यात लाल दिवा आणि मागे एक तेलकट कढई, तिच्यातून थेंब ठिबकतायत.

बापाक सुतेजोंनी विचारलं नाही. पाहुण्यानं असं विचारणं बरं दिसत नाही. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, हात जोडले आणि मान वर करून उभे राहिले. त्यांच्यामागे सगळं क्लातेन उभं राहिलं. सुतेजोंच्या बायकोनं तर डोळेही मिटले.

"आमच्याकडे ही रीत नाही," सुतेजो हळूच म्हणाले. "पण फार छान वाटतंय बघा."

चहा झाला, वड्या झाल्या. सुतेजो घसा साफ करून दोन वाक्यं बोलले. "आता मुलीला विचारू या का?"

वेनिंगची जेवणाची सुट्टी तेवढीच होती. तिकडे ती मोबाइल धरून बसली असेल, नटूनथटून, भिंतीला टेकून. बापाकांच्या डोळ्यांसमोर ती आली. लोकांना काय वाटेल म्हणून लेकीचं "हो" वाऱ्यावर सोडायचं? ते ताडकन उठले.

"मशीन बिघडलं नव्हतं!" ते ओरडलेच. "मी पासवर्ड बदलला होता! पोरीचा चेहरा नीट दिसावा म्हणून. तुम्हाला सांगायची लाज वाटली. आता मात्र खरंच बिघडलंय. मला माफ करा!"

आत टोपलीखालून होला एकदा घुमला.

जुमादी खाकरले. "बापाक, ते आम्हाला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"मोबाइलवर लिहून येतं ना, पासवर्ड चुकीचा आहे म्हणून. प्रत्येकाच्या आलं. मोठ्या अक्षरात."

"मग ही शिडी? ही कढई?"

"तुम्ही म्हणालात बिघडलंय," बाग्यो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणाला. "तुम्हाला खोटं कसं पाडायचं? दुरुस्तीला आलो नसतो तर तुम्हाला वाटलं असतं, आम्ही रागावलो."

"अरे, पण तुम्ही सगळे आता इंटरनेटशिवाय..."

"छे हो! प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे की. भरपूर!"

बापाक मटकन बसले. "मग माझं का वापरत होतात?"

शेवटी सिंबाह पोनिराह पुढे आल्या. "तू इतक्या प्रेमानं दिलंस रे बाळा. नाही वापरलं तर तुला वाईट वाटेल, म्हणून मी रोज मालिका बघत बसायचे. मला ती मालिका मुळीच आवडत नाही. त्यातल्या सगळ्या बाया रडतात!"

पहिल्यांदा सुतेजोंची बायको हसली. मग सुतेजो हसले, मग हात जोडल्याची लाज वाटून पुन्हा मोठ्यानं हसले. "चला, मुलगी ताटकळलीय," जुमादी म्हणाले. "चौकीवर माझ्या मोबाइलला सगळ्यांत चांगलं मिळतं."

झालं! ताटं उचलून वरात चौकीवर. माच्यावर पाहुणे, खाली गल्ली. चोर आला की बडवायचं जे पोकळ लाकूड तिथं टांगलेलं असतं, त्याला मोबाइल टेकवला. वेनिंग आली. स्वच्छ, हसरी, दोन्ही डोळे उघडे.

सुतेजोंनी रीतसर विचारलं, "मुली, आमच्या गालिहसाठी आम्ही तुझा हात मागायला आलोय. तुला मान्य आहे?"

वेनिंगनं तोंड उघडलं आणि थांबली. ती कुंपणापलीकडे काहीतरी बघत होती. बू मुर्तिनींनी नवऱ्याचं मनगट आवळलं. पुन्हा थिजली की काय!

"बापाक," वेनिंग म्हणाली, "पिंजऱ्यातलं पाखरू कुठंय? आणि आईची कढई वर का टांगलीय?"

"पोरी, आधी हो म्हण!" बापाक रडकुंडीला आले. "बाकी सगळं नंतर सांगतो!"

"हो," वेनिंग हसत म्हणाली. "मला मान्य आहे. हो!"

बापाकांना हुंदका आवरेना. बाग्योनं आनंदाच्या भरात ते पोकळ लाकूड धडाधडा बडवलं, आणि पलीकडच्या दोन गल्ल्यांतली माणसं चोर पकडायला दांडके घेऊन धावत आली. त्यांनाही वड्या द्याव्या लागल्या.

सोमवारी कंपनीचा माणूस येऊन डबी नीट करून गेला. वायफाय वाऱ्यासारखं पळायला लागलं. पण चौकीवर कुणी मान खाली घालून बसेना. जो तो भिडेनं दुसरीकडे बघायचा. बापाकांना अन्न गोड लागेना. शेवटी ते तळलेल्या केळ्यांचं ताट घेऊन चौकीवर गेले.

"आज हवा जरा जड वाटतेय, नाही?" ते म्हणाले. "तुमच्या मोबाइलमध्ये काही दोष तर नाही ना? दाखवा बघू, मी बघतो."

पुढच्या रविवारी वेनिंगचा फोन आला. "बापाक, गालिह म्हणत होता..." एवढं म्हणाली आणि थिजली. एक डोळा मिटलेला, तोंड उघडं.

बू मुर्तिनींनी खिडकीबाहेर पाहिलं. चौकीवर सगळ्यांच्या माना खाली होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

"काही नाही गं," बापाक दार्सोनो समाधानानं म्हणाले. "मशीन बिघडलंय."